दूध तोडल्यावर शेवाळाची भुकटी दिली की डुकराची पिल्लं हगतात, वाढ अडते: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. पिल्लांचं दूध तोडलं, स्टार्टर खाद्य सुरू केलं आणि त्यात स्पिरुलिना किंवा क्लोरेलाची भुकटी मिसळली. चार-पाच दिवसांत पिल्लं खाद्याच्या भांड्यापर्यंत येऊन माघारी फिरू लागतात. काहींची शेपटीखालची जागा ओली दिसते, विष्ठा हिरवी होते. दोन आठवड्यांनी वजन केलं तर साध्या खाद्यावरच्या पिल्लांपेक्षा कमी भरतं. भुकटी बंद केली की थोडं सावरतं, पुढच्या वेताला पुन्हा सुरू केली की पुन्हा तेच. मग कोणी म्हणतं शेवाळ डुकराला मानवतच नाही, आणि विकणारा म्हणतो अजून जास्त घाला.

दोघांचंही चुकतं. भुकटीचा दोष असतो, पण ती एकटी दोषी असल्याचं फार क्वचित आढळतं. तिचं प्रमाण, तिची धुलाई, ती कशाच्या बदली घातली आणि पिल्लू तेव्हा कोणत्या अवस्थेत होतं, या चार गोष्टींत जवळजवळ सगळं उत्तर सापडतं. खाली मी ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने तपासा. पैसे लागणाऱ्या गोष्टी शेवटी येतात.

हिरवं दिसलं म्हणजे हगवण नव्हे

आधी विष्ठेकडे नीट बघा. शेवाळातलं हरितद्रव्य पूर्ण पचत नाही, ते विष्ठेला गडद हिरवा रंग देतं. लेंडी बांधीव आहे, पिल्लू खातंय, अंगावर चमक आहे, तर रंगाची काळजी सोडून द्या. पाण्यासारखी पातळ, पिवळट किंवा पांढुरकी विष्ठा, मागचे पाय माखलेले, डोळे आत गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर येते, ही खरी हगवण. अशा पिल्लाला खाद्याचा विचार करण्याआधी क्षारयुक्त पाणी हवं आणि डॉक्टर हवा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ताप जास्त असेल, कानांवर किंवा पोटावर लाल-जांभळे डाग असतील, मोठी जनावरंही आजारी पडत असतील किंवा अचानक मरत असतील, तर हे सगळं वाचणं थांबवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमधून देशात शिरला. त्याला औषध नाही. अशा वेळी खाद्यात काय चुकलं ते शोधत बसलात तर शेजारच्यांचीही डुकरं जातील. जनावर हलवू नका, विकू नका.

भुकटी पोटात जातेय का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी आधी विचारतो. दूध तोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस पिल्लू जवळजवळ उपाशी असतं. आईचं कोमट दूध तासातासाला मिळत होतं, ते बंद झालं. जागा नवी, सोबती नवे, खाणं कोरडं. या उपासाने लहान आतड्याच्या आतल्या बारीक लोंबत्या, ज्यांतून अन्न शोषलं जातं, त्या आखूड होतात. मग पिल्लाला भूक लागते, ते एकदम अधाशासारखं खातं, न पचलेलं अन्न मागे जातं आणि तिथे ई. कोलाय या हगवण लावणाऱ्या जिवाणूला मेजवानी मिळते. दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली हगवण बहुतांशी अशी येते. तिच्यात शेवाळाचा हात असेल किंवा नसेल.

आता हिशेब करा. १ टक्का भुकटी म्हणजे एक किलो खाद्यात १० ग्रॅम. पिल्लू दिवसाला १०० ग्रॅम खात असेल तर त्याच्या पोटात भुकटी गेली १ ग्रॅम. ती चांगलीही काही करणार नाही आणि वाईटही. ज्या दिवसांत आधाराची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दिवसांत खाद्यातला कुठलाही पूरक पदार्थ पोटात पोचत नाही.

यावरचा उपाय दूध तोडण्याच्या आधीचा आहे. पिल्लं आईजवळ असतानाच, साधारण दहाव्या दिवसापासून, मूठभर खाद्य दिवसातून दोन-तीनदा ताजं ताजं ठेवा, आणि भुकटी वापरायचीच असेल तर ती याच खाद्यात असू द्या. स्पिरुलिनाला मासळीसारखा वास असतो. दूध तोडल्याच्या दिवशी पहिल्यांदा तो वास आला तर पिल्लू बिचकतं. आईजवळ ओळख झालेली असेल तर तोच वास त्याला ‘हे खायचं असतं’ असं सांगतो. दूध तोडल्यावर पहिले काही दिवस खाद्य कोमट पाण्यात सैलसर कालवून, थोडं थोडं, पसरट भांड्यात द्या. सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता आलं पाहिजे. उरलेलं काढून टाका, आंबू देऊ नका.

पाणीही आत्ताच तपासा. निप्पलखाली अर्ध्या लिटरची बाटली धरा. ती मिनिटाच्या आत भरली नाही तर पिल्लं तहानलेली आहेत, आणि तहानलेलं पिल्लू कोरडं खाद्य खात नाही. जमीन ओली आहे का तेही बघा. चार आठवड्यांच्या, नुकतं दूध तोडलेल्या पिल्लाला २६ ते २८ अंश ऊब लागते. कोकणात नि गोव्यात पावसाळ्यात हवा थंड नसते, पण ओल्या सिमेंटवर झोपलेलं पिल्लू गारठतं. एकमेकांवर ढीग करून झोपत असतील तर ऊब कमी आहे. खाली पेंढा किंवा फळी, वर बल्ब. कितीतरी ठिकाणी एवढ्यानेच हगवण थांबते आणि श्रेय नंतर घातलेल्या भुकटीला मिळतं.

प्रमाण

इथे सर्वांत जास्त बिघडतं. ‘६० टक्के प्रथिनं’ असं पाकिटावर वाचून लोक स्पिरुलिना सोयाबीन पेंडीच्या जागी घालायला निघतात. ५ टक्के, १० टक्के. लहान पिल्लाच्या बाबतीत ही दिशाच चूक आहे, आणि त्याचा पुरावा आहे.

लिस्बन विद्यापीठातल्या संशोधकांनी दूध तोडलेल्या पिल्लांना १० टक्के स्पिरुलिना असलेलं खाद्य दिलं, तेव्हा वाढ मंदावली. स्पिरुलिनाची पेशीभित्ती फोडण्यासाठी त्यांनी लायसोझाइम हे विकरही घालून पाहिलं. पेशी फुटल्या, पण आतड्यातला लगदा उलट जास्त चिकट झाला. बाहेर आलेली प्रथिनं पुढे नीट पचली नाहीत. लगदा चिकट झाला की पचनरस आत शिरत नाहीत, अन्न रेंगाळतं आणि जिवाणूंचं फावतं. भुकटी जास्त झाली तर महाग विकर घालून ती सुधारेल असं समजू नका.

दुसऱ्या टोकाला फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. तिथे स्पिरुलिना आणि क्लोरेला फक्त १ टक्का घातले. वाढीत फरक पडला नाही. पण पचनक्षमता थोडी सुधारली, लहान आतड्यातल्या त्या लोंबत्या जास्त लांब आढळल्या आणि क्लोरेलाच्या गटात सौम्य हगवण कमी दिसली. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठाने २००० साली कमी प्रमाणातल्या स्पिरुलिनावर प्रसिद्ध केलेल्या कामातही वाढीतला फायदा किरकोळच होता.

या सगळ्यांतून मी एकच अर्थ काढतो. लहान पिल्लासाठी ही भुकटी आतड्याला थोडा आधार देणारी पूरक वस्तू आहे, पेंडीची जागा घेणारं खाद्य नाही. १ टक्क्यावर थांबा. क्लोरेलाच्या बाबतीत ५ टक्क्यांपर्यंत वाढ बिघडली नाही असं लिस्बनच्याच कामात दिसलं आहे, पण बिघडलं नाही म्हणजे फायदा झाला असं नाही, आणि किंमत पाचपट होते. ज्यांच्याकडे आत्ता ५ किंवा १० टक्के चालू आहे त्यांनी आज १ वर आणा आणि आठवडाभर थांबा. पुढचं काही वाचायची गरज उरणार नाही असंही होऊ शकतं.

प्रथिनं भरली, लायसिन घटलं

हगवण नाही, पिल्लं खातात, तरी वजन भरत नाही. अशा वेळी खाद्याचा कागद काढून बघा. भुकटी घालताना पेंड किती कमी केली?

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतलं लायसिन डुकराच्या वाढीला आधी कमी पडतं. सोयाबीन पेंडीत ४६ टक्के प्रथिनं आणि साधारण २.८ टक्के लायसिन असतं. सुक्या स्पिरुलिनात प्रथिनं सुमारे ५७ टक्के, पण लायसिन जेमतेम ३ टक्के. १० किलो पेंड काढली तर ४.६ किलो प्रथिनं गेली आणि सुमारे २८० ग्रॅम लायसिन गेलं. तेवढीच प्रथिनं भरायला ८ किलो स्पिरुलिना पुरतं, पण त्यातून लायसिन येतं सुमारे २४० ग्रॅम. प्रथिनांचा आकडा तोच राहिला आणि ४० ग्रॅम लायसिन हरवलं. वर स्पिरुलिनातलं लायसिन पिल्लाला पेंडीतल्याइतकं पचतही नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०१२ च्या तक्त्याप्रमाणे ७ ते ११ किलोच्या पिल्लाला खाद्यात १.३५ टक्के पचणारं लायसिन लागतं. आपल्याकडच्या घरगुती मिश्रणांत ते आधीच काठावर असतं.

म्हणून भुकटी पेंडीच्या बदली नको, मक्याच्या भरड्यातून एक किलो काढून तिथे एक किलो घाला. आणि पेंड कमी झालीच असेल तर लायसिन हायड्रोक्लोराइड घालून भरून काढा. वरच्या उदाहरणातली तूट त्याच्या ५० ग्रॅममध्ये भरते. खाद्याच्या दुकानात ते मिळतं आणि शेवाळाच्या तुलनेत त्याचा खर्च नगण्य आहे. मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची काळजी इथे कमी, स्पिरुलिनात ते पेंडीपेक्षा बरं असतं.

न धुतलेली भुकटी

आता ज्या कारणाकडे मला सर्वांचं लक्ष वेधायचं आहे तिकडे येतो, कारण याची चर्चा जवळजवळ होत नाही आणि आपल्याकडे छोट्या टाक्यांत स्पिरुलिना करणारे वाढले आहेत.

स्पिरुलिना क्षारयुक्त, सोड्याच्या पाण्यात वाढते. नेहमीच्या पद्धतीत एक लिटर पाण्यात १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा असतो, शिवाय सोडियम नायट्रेट २.५ ग्रॅम. पाण्याचा सामू (पीएच) ९ ते १०.५ राहतो. म्हणूनच त्यात दुसरं शेवाळ सहसा टिकत नाही. काढणी करताना हा गाळ कापडावर घेऊन गोड्या पाण्याने नीट धुवावा लागतो. माणसांसाठीच्या मालात हे काळजीने होतं. ‘जनावरांसाठी’ म्हणून स्वस्तात विकलेल्या मालात धुलाईच वाचवलेली असू शकते. मग सोडा भुकटीबरोबर वाळतो आणि पिल्लाच्या पोटात जातो.

त्याने काय होतं? आईच्या दुधातल्या साखरेपासून पिल्लाच्या जठरात लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि त्यावर जठर आंबट राहतं. दूध तुटलं की हा पुरवठा तुटतो. जठराचं स्वतःचं आम्ल अजून पुरेसं तयार होत नसतं. नेमक्या त्या आठवड्यांत तुम्ही खाद्यातून सोडा देता. उरलंसुरलं आम्ल सोड्यातच खर्ची पडतं. प्रथिनं फोडणारं पेप्सिन आंबट जठरातच काम करतं, ते सुस्तावतं, आणि ई. कोलायला अडवणारं दार उघडं राहतं. हगवण लागली की नाव येतं शेवाळावर.

तपासणी घरी करता येते. काचेच्या ग्लासात दोन चमचे भुकटी थोड्या पाण्यात कालवा आणि वर चमचाभर व्हिनेगर सोडा. सळसळून बुडबुडे आले तर सोडा शिल्लक आहे. दुसरी पद्धत म्हणजे सामू मोजायचा कागद. पाण्यात कालवलेली भुकटी ९ च्या आसपास किंवा वर दाखवत असेल तर तो माल पिल्लांना नको. परत करा. मोठ्या जनावरांच्या खाद्यातही तो थोडाच खपेल.

हाच नियम चुनखडीच्या भुकटीलाही लागू आहे, शेवाळापेक्षा जास्तच. दूध तोडल्यावरच्या पहिल्या खाद्यात कॅल्शियम गरजेपुरतंच ठेवा, ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून वाढवू नका. जिथे हगवण पुन्हा पुन्हा येते तिथे पहिले दोन आठवडे खाद्यात १ टक्का सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, घालायला मी सांगतो. व्हे पावडर (चीज करताना उरणाऱ्या पाण्याची भुकटी) किंवा दूध पावडर परवडत असेल तर तीही घाला. पिल्लाला साखरेची ती जुनी वाट पुन्हा मिळते आणि जठर आंबट व्हायला मदत होते.

हॉटेलचं उरलेलं आणि मीठ

गोव्यात आणि मुंबईच्या आसपास बरीच डुकरं हॉटेलच्या उरलेल्या अन्नावर वाढतात. अशा ठिकाणी लहान पिल्लांनाही तेच पातळ करून दिलं जातं आणि वर शेवाळाची भुकटी अंदाजाने टाकली जाते. या पद्धतीत प्रमाणाला अर्थच राहत नाही. आजचं अन्न भाताचं, उद्याचं तेलकट मांसाचं. हे अन्न आधीच खारट असतं. त्यात न धुतलेली स्पिरुलिना किंवा समुद्राच्या पाण्यात वाढवलेलं नॅनोक्लोरॉप्सिससारखं शेवाळ पडलं, आणि नेमकं त्या दिवशी पाणी बंद पडलं, तर पिल्लाला मिठाची विषबाधा होते. पिल्लू भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, गोल गोल फिरतं, झटके येतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पाजू नका, मेंदूला सूज येते. पाणी थोडं थोडं, वेळ सोडून द्या आणि डॉक्टरांना लगेच बोलवा.

दूध तोडल्यापासून निदान २० किलो वजन होईपर्यंत पिल्लाला मापाचं कोरडं खाद्यच द्या, आणि पुढे उरलेलं अन्न देणार असाल तर ते खळखळ उकळूनच. स्वाइन फीव्हर याच वाटेने येतो.

क्लोरेला घेताना

क्लोरेलाची पेशीभित्ती जाड आणि चिवट असते. पिल्लाकडे ती फोडणारं विकर नाही. स्पिरुलिनाची भित्ती तुलनेने पातळ, तिच्यात सेल्युलोज नसतं. म्हणून क्लोरेला घ्यायची तर पेशी फोडलेली आहे का ते विचारून घ्या. पाकिटावर तसं छापलेलं असतं. विकणाऱ्याला हा प्रश्नच कळला नाही तर त्याच्याकडून घेऊ नका. न फोडलेल्या क्लोरेलातला मोठा भाग हिरवाच्या हिरवा बाहेर पडतो आणि त्याचेही पैसे तुम्ही मोजलेले असतात.

मिसळणं आणि साठवण

भुकटी पिठाहून बारीक, मक्याचा भरडा जाडसर. फावड्याने जमिनीवर मिसळलं तर एका पोत्यात ३ टक्के आणि दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. मग काही पिल्लं हगतात, काही ठणठणीत राहतात आणि कोडं सुटत नाही. १०० किलो खाद्य करताना १ किलो भुकटी आधी ४ किलो भरड्यात मिसळा, ते मिश्रण आणखी १५ किलोत, मग बाकी सगळ्यात. भुकटीला गडद रंग आहे हा आपला फायदा. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ घेऊन पांढऱ्या कागदावर पसरा. रंग सारखा दिसला पाहिजे.

कोकणातल्या पावसाळ्यात उघडं पोतं दोन-तीन आठवड्यांत दमट होतं. गुठळ्या झालेली, कुबट किंवा खवट वासाची भुकटी टाकून द्यावी लागते, वाळवून वापरता येत नाही. डीएचए या चरबीसाठी विकलं जाणारं शिझोकायट्रियम शेवाळ तर आणखी लवकर खवट होतं, कारण त्यातली चरबीच तशी असते. लहान पाकिटं घ्या, डबा घट्ट लावा, उन्हात ठेवू नका. आणि भुकटीकडे बोट दाखवण्याआधी मका हुंगून बघा. बुरशी लागलेल्या मक्यानेही पिल्लं खाद्य सोडतात, अगदी याच लक्षणांनी.

भुकटी घातली म्हणून काय बंद केलं?

हा प्रश्न विचारला की अनेकदा तिथेच उत्तर मिळतं. विकणारे सांगतात की यात लोह आहे, बी-१२ आहे, सगळं आहे, आणि माणूस त्या विश्वासावर एखादी गरजेची गोष्ट थांबवतो.

लोहाचं बघा. १०० ग्रॅम स्पिरुलिनात साधारण २८ मिलिग्रॅम लोह. दिवसाला ३०० ग्रॅम खाद्य खाणाऱ्या पिल्लाच्या पोटात ३ ग्रॅम भुकटी जाते, म्हणजे लोह १ मिलिग्रॅमही नाही. दूध पिणाऱ्या पिल्लाची रोजची गरज ७ मिलिग्रॅमच्या वर असते, आणि त्या वयात ते भुकटी खातही नसतं. तिसऱ्या दिवसाच्या आसपासचं २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन चुकवायचं नाही. पांढुरकी, धापा टाकणारी, मंद वाढणारी पिल्लं दिसत असतील तर ते इंजेक्शन झालं होतं का ते आधी आठवा.

बी-१२ च्या नावाखाली स्पिरुलिनात जे मोजलं जातं त्यातला बराचसा भाग शरीराच्या उपयोगाचा नसतो, तो नुसता दिसायला बी-१२ सारखा. जीवनसत्त्वांचं प्रीमिक्स पूर्वीइतकंच राहू द्या.

आणि औषधांचं. युरोपीय संघात पिल्लांच्या खाद्यातला औषधी मात्रेचा झिंक ऑक्साइड जून २०२२ पासून बंद झाला. दूध तोडल्यावर दोन आठवडे, हगवण रोखायला, २,५०० पीपीएमपर्यंत (किलो खाद्यात २,५०० मिलिग्रॅम) तो घालायची तिकडे रीत होती. त्याला पर्याय शोधताना शेवाळावरचं काम जोरात वाढलं. आपल्याकडे कोलिस्टिन हे प्रतिजैविक जनावरांच्या खाद्यात आणि उपचारात वापरायला २०१९ मध्ये बंदी आली, ते योग्यच झालं, माणसांसाठी ते शेवटचं औषध आहे. पण शेवाळ या दोघांची जागा घेत नाही. आतडं सुदृढ राहायला ते थोडी मदत करतं, चालू झालेला संसर्ग मारत नाही. एकाच वेळी औषधही काढलं, दूधही तोडलं आणि खाद्यही बदललं, तर पिल्लू कोलमडेल. एका वेळी एकच बदल करा, दोन बदलांत आठवडाभर अंतर ठेवा.

तळ्यातलं शेवाळ

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करू नका. शेततळ्यावर किंवा गावतळ्यावर उन्हाळ्यात हिरव्या रंगाची साय धरते, ती काढून, वाळवून डुकरांना घालू नका. त्यात मायक्रोसिस्टिस हे विषारी शेवाळ असू शकतं. त्याचं विष, मायक्रोसिस्टिन, यकृत निकामी करतं आणि उकळून जात नाही. जगभर गुरं असं पाणी पिऊन मेली आहेत.

बुलढाण्यातल्या लोणार सरोवरात स्पिरुलिना नैसर्गिकरीत्या वाढते, तिथलं हिरवं पाणी बहुतांशी तिचंच. त्यामुळे कुणी ‘आपल्याकडे फुकट आहे’ असंही सुचवतं. ते सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तिथून काही उचलायचं नाही. शिवाय उघड्या पाण्यात स्पिरुलिनाबरोबर आणखी काय वाढलंय हे डोळ्यांनी कळत नाही. विकतच्या मालाचाही प्रयोगशाळेचा कागद मागा. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि मायक्रोसिस्टिन तपासलेलं हवं. जो देत नाही त्याचा माल घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

आपल्या शेडवर खरं काय होतं ते बघायला

एवढं सगळं नीट केल्यावरही प्रश्न उरतो की भुकटीने काही फरक पडतोय का. एका वेताला दिली आणि दुसऱ्या वेताला नाही, अशी तुलना फसवते. दोन मादींचं दूध, पिल्लांची संख्या, हवामान सगळं वेगळं असतं. त्याऐवजी प्रत्येक वेताची पिल्लं दोन गटांत विभागा. वजनाने जोड्या लावा, प्रत्येक जोडीतलं एक इकडे, एक तिकडे, नर-मादीही सारख्या. खाद्य एकच, पाणी एकच, फक्त एका बाजूला १ टक्का भुकटी आणि दुसऱ्या बाजूला त्याऐवजी मका. दूध तोडताना, दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी वजन करा. दिलेलं नि उरलेलं खाद्य तोलून लिहा. रोज सकाळी किती पिल्लांची विष्ठा पातळ आहे तेही लिहा. निदान तीन-चार वेतांचं लिहून झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, एका वेतात योगायोगाने काहीही दिसतं.

निकाल वाचताना वजनापेक्षा हगवणीच्या रकान्याकडे आणि औषधाच्या खर्चाकडे आधी बघा, कारण या प्रमाणात वजनात फरक पडेलच अशी अपेक्षा नाही. खर्चाचा हिशेब सोपा आहे. ८ किलोपासून २० किलो होईपर्यंत पिल्लू साधारण १९ किलो खाद्य खातं, म्हणजे १ टक्क्याने १९० ग्रॅम भुकटी. ती फक्त पहिल्या दोन आठवड्यांपुरती ठेवली तर ४०-५० ग्रॅमच लागते. आतड्याला आधाराची गरजही तेव्हाच असते, म्हणून मी तेवढीच द्यायला सांगतो. तुमच्या भागातल्या भावाने या ५० ग्रॅमची किंमत काढा आणि दर पिल्लामागे वाचलेल्या औषधाशेजारी लिहा. ती जास्त भरत असेल तर तेच पैसे पुढच्या वेताला व्हे पावडरीत आणि पेंढ्यात घाला.